काझी मॅडमची बाटली

काझी मॅडमनी आयुष्यभर जंतूंशी झुंज दिली, असं शोकसभेत एका वक्त्यानं सांगितलं आणि मला हसू फुटलं. मी रुमाल तोंडावर दाबला. खांदे हलतच होते. शेजारच्या गृहस्थांना वाटलं मला हुंदका अनावर झालाय. त्यांनी माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. वक्ते नांदेडातले नावाजलेले डॉक्टर. शिंकणाऱ्या माणसाला पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिल्याशिवाय ते पायरी उतरू देत नाहीत. मॅडमनी त्यांचं नाव 'कसोटी सामना' ठेवलं होतं. पाच दिवस चालणार, निकाल काही लागणार नाही.

झुंज कसली! मॅडमना जंतूंचं भारी कौतुक होतं. त्यांनी झुंज दिली ती आम्हा डॉक्टरांशी, आणि तीत त्या हरल्या. हे सभेत कुणी बोललं नाही. मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं तेव्हा मी गळ्याकडं बोट दाखवून घसा बसल्याची खूण केली. लगेच मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, "एखादं अँटिबायोटिक सुरू करा ना सर."

घसा ठणठणीत होता. बोललो नाही ते आता लिहितोय.

मॅडम म्हणजे डॉ. नसीम काझी. आम्हाला दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या आणि निवृत्तीनंतर नांदेडातल्याच एका खाजगी दवाखान्याची लॅब सांभाळायच्या. बांधा एवढा बारका की फळ्यामागून आल्या का फळ्यातून, कळायचं नाही. पांढरा ॲप्रन, त्याखाली कायम फिक्या रंगाचा कुर्ता, ओढणीला खसचं अत्तर आणि हाताला स्पिरिटचा वास. त्यांचे वडील जुन्या नांदेडात घड्याळं दुरुस्त करायचे. वडिलांचं डोळ्यात बसवायचं काळं भिंग मॅडमकडं वारशानं आलं होतं. लॅबमध्ये महागडं यंत्र होतं, पण मॅडम काचेच्या ताटलीत वाढलेले जंतू आधी त्या भिंगातून बघायच्या. एक डोळा मिटलेला, ताटली खिडकीच्या उजेडाकडं धरलेली. ताटलीत जंतूंचा साय धरल्यासारखा थर आणि त्यावर औषधं लावलेल्या कागदाच्या बारीक चकत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू मरतात, स्वच्छ गोल कडं पडतं. लागू पडत नसेल तर चकतीला चिकटून जंतू मजेत वाढतात. अशी एकही किंवा एखाद्याहून जास्त कडं नसलेली ताटली दिसली की मॅडम भिंग काढायच्या, उजवा हात कपाळाला लावायच्या आणि ताटलीला म्हणायच्या, "आदाब."

"मॅडम, जंतूला आदाब?" असं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आपल्याहून लई जुने हायत रे ते. वडीलधाऱ्यांना करू नये का?"

विद्यार्थ्यांना त्या गावाच्या नावानं हाका मारायच्या. मी भोकरचा, म्हणून भोकर. एक होता कंधार, एक हिमायतनगर. पुढं कंधार मोठा सर्जन झाला, त्याच्या दवाखान्याला काचेची भिंत आली, तरी मॅडमच्या लॅबमध्ये शिरला की, "काय करून राहिलास रे कंधार? किती पोटं फाडलीस आज?" त्याच्यासोबत आलेल्या बायकोला वाटलं नवऱ्याचं हे कुठलं तरी टोपणनाव आहे, घरी तिनंही सुरू केलं. आम्हाला कुणालाच मॅडमनी कधी 'डॉक्टर' म्हटलं नाही. "डॉक्टर होणं वेगळं, पाटी लावणं वेगळं," एवढंच म्हणायच्या. विषय तिथंच संपायचा.

त्यांची दुसरी खोड म्हणजे बाटली. लॅबमध्ये कुणीही भेटायला आलं, विद्यार्थी, नातेवाईक, औषध कंपनीचा माणूस, की मॅडम टेबलाच्या खणातून फिरकीच्या झाकणाची पांढरी प्लास्टिकची बाटली काढून समोर ठेवायच्या. "चहा येतोय. तोवर ही घे. उद्या सकाळी भरून आण." काय भरायचं ते विचारायची गरज पडू नये अशी ती बाटली असते, झाकणाला आतून छोटा चमचा असतो. पाहुण्याचा चहा अर्धा राहायचा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आजारी माणसाचं सगळेच तपासतात. धडधाकट माणूस आतड्यात काय घेऊन हिंडतो, ते कोण बघणार? एकदा त्यांच्या लॅबमधल्या नव्या यंत्राच्या उद्घाटनाला एक पुढारी आले. मॅडमनी हारतुऱ्यांच्या गर्दीत त्यांच्याही हातात बाटली दिली. पुढाऱ्यांना वाटलं स्मृतिचिन्ह. त्यांनी ती छातीशी धरून फोटो काढून घेतला. त्यांच्या सहायकानं शंका काढली, "मॅडम, ही तर रिकामीच हाय?" मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "आत्ता रिकामी हाय. सकाळी साहेब भरतील."

साहेबांनी भरली नाही. कंधारनं भरली नाही. मीही कधी भरली नाही. दर भेटीला एक अशा माझ्या घरी इतक्या बाटल्या साठल्या की माझ्या बायकोनं त्यांत मोहरी, मेथ्या, ओवा भरला. डबे म्हणून छानच, हवाबंद. मॅडम एकदा लातूरला आमच्या घरी जेवायला आल्या. जेवण झालं. बायकोनं बडीशेप पुढं केली. मॅडमनी बाटली बघितली, झाकण उघडलं, त्यातल्या त्या छोट्या चमच्यानं बडीशेप तळहातावर घेतली आणि म्हणाल्या, "भोकर, तुझ्या आतून एवढा सुवास येत असंल असं वाटलं नव्हतं."

मॅडमचं शिकवणं कसं होतं, ते एका तासावरून सांगतो. जंतू औषधाला दाद देईनासे का होतात, हा विषय. आम्ही वहीत उतरवून घ्यायला सरसावलो. मॅडमनी खडू खाली ठेवला. "भोकर, काल हिमायतनगरच्या नोट्स तू कुठून आणल्यास?"

"झेरॉक्स केल्या, मॅडम."

"त्याच्याकडच्या कमी झाल्या का?"

"नाही."

"तो तुझा भाऊ लागतो का? सोयरा?"

"नाही, मॅडम."

"हाव. बस खाली. झाला आजचा धडा." मग थोडं थांबून त्यांनी खुलासा केला. आपल्याकडं बापाकडचं लेकराकडं जातं. जंतूचंही जातं, पण त्याचं तेवढ्यावर भागत नाही. औषधाला कसं हरवायचं याचा नुस्खा त्याच्याकडं एका सुट्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. शेजारी दुसरा जंतू आला की हा एक बारीक नळी पुढं करतो, त्याला जवळ ओढतो आणि चिठ्ठीची नक्कल त्याच्या अंगात सरकवतो. मूळ चिठ्ठी स्वतःकडं ठेवून. घेणारा आपल्या कुळातला असावा अशी अट नाही. पोटात निरुपद्रवी म्हणून राहणारा जंतू रोग करणाऱ्याला देतो, रोग करणारा तिसऱ्याला. आतड्यात तर गर्दीच गर्दी, ऊब, खायला आयतं. याहून सोयीची जागा कुठली?

"आपल्या गल्लीतल्या पोरानं पलीकडच्या गल्लीत पाणी मागितलं तर नाव-आडनाव विचारतात," मॅडम म्हणाल्या. "ह्यांच्यात न्हाई. ह्यांच्या एवढी एकी आपल्यात असती तर मराठवाडा कुठल्या कुठं गेला असता."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हसा. पण ध्यानात ठेवा, चिठ्ठी फुकट न्हाई फिरत. तुम्ही गरज नसताना औषध देता तेव्हा बिनचिठ्ठीचे सगळे मरतात, चिठ्ठीवाल्यांना रान मोकळं होतं. वाटप ते करतात. जागा तुम्ही करून देता."

मी हे वाक्य परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. हे मुद्दाम सांगतोय. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

मी लातूरला दवाखाना टाकला. लातूर म्हणजे काय ते महाराष्ट्राला सांगायला नको. इथं पिकतात ती डॉक्टर होऊ घातलेली पोरं. गल्लोगल्ली क्लास, क्लासला लागून हॉस्टेल, हॉस्टेलला लागून झेरॉक्सचं दुकान. अशाच एका क्लासच्या मोठ्या हॉस्टेलचं डॉक्टरपद मला मिळालं. त्याचे संचालक मला 'डॉक्टरसाहेब' म्हणत आणि पोरांना 'युनिट' म्हणत. "डॉक्टरसाहेब, तिसऱ्या मजल्यावरचे चार युनिट तापलेत. रविवारी पेपर हाय. उभे राहिले पाहिजेत."

दर रविवारी पेपर. गुरुवारी पोरगं तापलं की आई गावाकडून रडत फोन करायची, बाप संचालकांना फोन करायचा, संचालक मला. ताप बहुधा विषाणूचा. अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही, आणि असा ताप दोन-तीन दिवसांत आपल्या पायानं निघून जातो. पण मी गोळी लिहायचो. रविवारी पोरगं उभं राहायचं. ताप चालत गेला, मान गोळीला मिळाला आणि नाव माझं झालं.

पुढची गंमत पोरांनी केली. ताप उतरला की गोळ्या उरायच्या. त्या कंपासपेटीत जायच्या. एकदा तापातून उठलेलं एक पोरगं रविवारच्या पेपरात पहिलं आलं आणि मजल्यावर बातमी पसरली की ते गोळ्या खाऊन बसलं होतं. झालं. टॉपरच्या नोट्सची झेरॉक्स तर लातुरात आधीपासून फिरत होती. आता टॉपरच्या उरलेल्या गोळ्याही फिरायला लागल्या. पोरं त्यांना 'रँकवाली गोळी' म्हणायची. नुसतं अंग कसकसलं तरी एक. पेपरच्या आदल्या दिवशी काहीच होत नसलं तरी अर्धी. उद्या डॉक्टर होणारी पोरं ही. रोगजंतूंवरचा धडा तोंडपाठ आणि जिभेवर टॉपरची उष्टी गोळी.

मला कळलं तेव्हा मी हसलो. रागावायचं होतं, पण गोळी मूळ कुणी लिहिली, हा प्रश्न कुणीतरी विचारला असता.

मॅडमना मी नांदेडला भेटायला गेलो की त्या खोदून विचारायच्या. एका भेटीत बाटली पुढं सरकवून म्हणाल्या, "भोकर, एवढी पोरं एका छताखाली, एका मेसमध्ये जेवणारी, एका रांगेत संडासला जाणारी. साध्या तापाला बंद कर. मी कुणाकडं काही मागत न्हाई. एवढं मागते."

"केलं, मॅडम," मी म्हणालो.

आणि खरंच केलं. लातूरला परतलो आणि दोन पेपर निघेपर्यंत एकही गोळी लिहिली नाही. मग एका पोराचा बाप आला, सोबत चार माणसं. पोरगं पेपरात झोपलं होतं. संचालक गोड बोलले, "डॉक्टरसाहेब, तुमचं शास्त्र बरोबर हाय. पण समोरच्या गल्लीत नवीन डॉक्टर आलेत, हुशार हायत म्हणे." मी पुन्हा लिहायला लागलो. मॅडमना सांगायचं राहून गेलं. असं म्हणायची पद्धत आहे, 'राहून गेलं'. मी सांगितलं नाही.

मग भलतंच झालं. मॅडम माझं कौतुक करायला लागल्या. जगात कुणाला चांगलं न म्हणणारी बाई, भाषणांत सांगायची, "समदे सारखे न्हाईत. लातुरात माझा एक भोकर हाय. एवढं मोठं हॉस्टेल, पण साध्या तापाला गोळी न्हाई. पोरं मेली का? न्हाई. डॉक्टर भिकेला लागला का? न्हाई." कंधारनं मला फोन केला, "काय रे, संत झालास म्हणे." मी मोघम हसलो. मोघम हसणं हे माझं जुनं औषध, त्याला अजून तरी रेझिस्टन्स आलेला नाही.

या कौतुकामुळं संचालकांचे कान टवकारले. त्यांनी मॅडमना रविवारी पेपरनंतर पोरांना शिकवायला बोलावलं. मॅडमची धाकटी बहीण, रेहानाआपा, लातुरातच राहायची; तिच्याकडं शनिवारी मुक्काम, रविवारी तास, मेसमध्ये पोरांसोबत वरण-भात, संध्याकाळच्या बसनं नांदेड, असा मॅडमचा क्रम बसला. पोरांना त्या भयंकर आवडल्या. त्यांना त्या गावाच्या नावानं हाका मारायच्या, आणि 'युनिट' म्हणवून घेणाऱ्या पोरांना आपलं गाव कुणीतरी उच्चारतंय यानंच भरून यायचं.

तिथं एका तासाला एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पाच दिवसांचा कोर्स दोघींनी अर्धा अर्धा घेतला तर चालतो का?"

पहिल्या बाकावर संचालक बसले होते, दाराशी मी.

मॅडमनी मुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "भोकर?"

"गावाकडून आणत असतील, मॅडम," मी म्हणालो. "आईवडील देतात बॅगेत."

मॅडमनी क्षणभर माझ्यावर नजर ठेवली. मग मान हलवली. "आयांना कोण समजावणार," म्हणाल्या आणि पुढं शिकवायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत संचालकांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं गुलाबजाम वाढला.

पुढच्याच महिन्यातल्या एका रविवारी दुपारी रेहानाआपांच्या घरून मॅडमचा फोन आला. आवाज थरथरत होता, पण तिरकसपणा जागेवर होता. "भोकर, थंडी वाजून ताप. उजवीकडं कमरेच्या वर दुखतंय, लघवीला आग हाय. जंतू किडनीत चढलेत. निदान मी केलंय, तू फक्त सुई टोचायला ये."

मी गेलो. बाजेवर रजईत गुंडाळलेल्या मॅडम आणि उशाशी त्यांची ती पांढरी बाटली. "आयुष्यभर दुसऱ्यांना दिली, आज माझी मी भरली. लघवी हाय. पाठव तपासायला." तपासणीचा निकाल यायला दोन दिवस लागतात. तोवर अंदाजानं औषध निवडावं लागतं, आणि अंदाज चुकला तर ते दोन दिवस जंतूंचे.

अंदाज बांधायचा कसा, हे मॅडमनीच आम्हाला शिकवलं होतं. आपल्याकडं साधी औषधं आहेत आणि एक-दोन मोठी, शेवटची. मोठ्या औषधाला त्या 'थोरलं' म्हणायच्या. "थोरलं म्हणजे घरातली थोरली म्हातारी. प्रत्येक भांडणाला तिला उठवायचं न्हाई. एक दिवस ती उठायचीच न्हाई." आयुष्यात त्यांनी थोरलं जपायला जेवढी माणसं दुखावली तेवढी कुणी निवडणूक लढवूनही दुखावली नसतील.

बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी स्वतःचीच केस माझ्यापुढं मांडली. "ऐक. कित्येक वर्षांत मी अँटिबायोटिक घेतलेलं न्हाई. दवाखान्यात भरती न्हाई. घराबाहेर खाते ते फक्त तुझ्या मेसमध्ये. जंतू आले असतील तर पोटातून, आणि पोटात आले असतील तर तिथून. तुझ्या पोरांची पोटं कशी हायत, तुलाच ठाऊक. त्यांना अजून गोळ्या मिळत असतील तर माझ्यावर साधं औषध चालायचं न्हाई, थोरलंच लागंल. खरं सांग, भोकर. साधं का थोरलं?"

रेहानाआपा दारात उभ्या होत्या. पंखा फिरत होता.

एवढं सोपं करून आयुष्यात मला कुणी काही विचारलं नाही. एक शब्द. 'थोरलं' म्हटलं असतं तर गोळ्या बंद केल्या नाहीत हेही सांगितल्यासारखं झालं असतं.

"साधं चालेल, मॅडम," मी म्हणालो.

त्या समाधानानं डोळे मिटून म्हणाल्या, "शाब्बास."

सोमवारी ताप होता. मी म्हणालो, औषधाला वेळ द्यायला हवा. मंगळवारी सकाळी ताप तसाच, श्वास जोरात, लघवी कमी, रक्तदाब उतरत चाललेला. लॅबमधून फोन आला, जंतू साध्या औषधांना बधत नाही. दुपारी ॲम्ब्युलन्स केली, नांदेडला त्यांच्याच दवाखान्यात न्यायचं ठरलं. पुढं ड्रायव्हरशेजारी रेहानाआपा, मागं मी आणि मॅडम. अहमदपूर गेलं, लोहा आलं. लोह्याच्या बाजारात ट्रॅक्टर आडवा होता, गाडी थांबली. सायरनचा आवाज, बाहेर माणसं, आत मी.

"मॅडम," मी म्हणालो, "मी बंद केलं नव्हतं."

मॅडमचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं ऐकलं नाही. मग ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"थोरलं लाव," त्या म्हणाल्या.

ते थोरलं माझ्या पिशवीतच होतं. सकाळपासून होतं. लोह्याच्या बाजारात, ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या ऐकत, मी ते लावलं.

मॅडम वाचल्या. थोरल्यानं काम केलं. पण दोन दिवसांत किडन्यांचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. पुढं डायलिसिसवर आल्या. मी हॉस्टेल सोडलं. यात काही त्याग वगैरे नाही. माझी जागा त्याच आठवड्यात समोरच्या गल्लीतल्या हुशार डॉक्टरनं भरली आणि पुढच्या रविवारी सगळे युनिट पेपरला उभे होते. मॅडमनी मला भेटायला बोलावलं नाही. कुणाला काही सांगितलंही नाही. कंधार अजून मला संत समजतो. मॅडमच्या भाषणांतून तेवढा माझा उल्लेख गेला. भाषणंच गेली म्हणा.

बरेच महिने गेल्यावर मी न बोलावता नांदेडला गेलो. मॅडम डायलिसिस नसलेल्या दिवशी दोन तास लॅबमध्ये येऊन बसत. आणखी बारीक झालेल्या. अत्तराचा वास तोच. त्यांनी मला बघितलं. खण उघडला, बाटली पुढं सरकवली. सवय. चहाचं नाव काढलं नाही.

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. रस्ताभर जुळवत आलो होतो.

"ते ऱ्हाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "मी आयुष्यात कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवला न्हाई, ताटलीवर ठेवला. एकदाच चुकले. माझा भाबडेपणा म्हणजे तू. भरून आण."

मी त्या दिवशी नांदेडातच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी बाटली भरून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. दोन दिवसांनी पुन्हा गेलो.

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. डोळ्यात वडिलांचं भिंग, हातात ताटली, माझी. चकत्या मला दुरूनही दिसत होत्या. एका चकतीभोवती तेवढं कडं होतं. थोरल्याच्या. बाकी सगळीकडं दाट, मजेत वाढलेली साय.

"हाच तो, मॅडम? तुमच्यात होता तो?"

"ठाऊक न्हाई. तसाच दिसतोय. पण दिसण्यावरून सिद्ध होत न्हाई." त्यांनी ताटली किंचित फिरवली. "माझ्यात कुठून आला ते तरी कोण सांगणार? मेसच्या वरणातून असंल, बसस्टँडच्या पाण्यातून असंल. सिद्ध होणार न्हाई, भोकर. पण सिद्ध न होणं म्हणजे सुटणं न्हवं." मग विचारलं, "तुला काही त्रास? पोट? ताप?"

"नाही. काहीच नाही."

"हाव. घेऊन हिंडणाऱ्याला नसतोच. ठणठणीत असतो तो."

त्यांनी भिंग काढलं, ओढणीच्या टोकानं पुसलं, ताटली टेबलावर ठेवली आणि उजवा हात कपाळाकडं नेला. मला वाटलं, नेहमीसारखं ताटलीला. पण मॅडम ताटलीकडं बघत नव्हत्या.

"आदाब, डॉक्टर," त्या म्हणाल्या.